मोडलेली काठी, फाटलेले जाळे

अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात १८५६ साली स्थापन झालेली ऑर्व्हिस नावाची एक पेढी आहे. मासेमारीचे साहित्य विकणे हा तिचा मूळ धंदा. पिसे आणि दोरा यांची खोटी माशी गळाला बांधून, ती लवचिक काठीने पाण्यावर अलगद फेकून ट्राउट मासा पकडण्याचा जो छंद इंग्रज-अमेरिकन सुखवस्तू वर्गात रूढ आहे, त्याच्या काठ्यांसाठी ही पेढी विशेष प्रसिद्ध आहे. या काठ्यांना तिने पंचवीस वर्षांची हमी देण्याची प्रथा पाडली. काठी माशाच्या ओढीने मोडो, मोटारीच्या दारात सापडून मोडो किंवा मालक तिच्यावर बसल्यामुळे मोडो. कारण कोणतेही असले तरी थोडासा हाताळणीखर्च घेऊन ती दुरुस्त करून किंवा बदलून दिली जाते. इतर नामांकित पेढ्यांनीही स्पर्धेपोटी अशाच हम्या दिल्या.

मौज अशी की, काठी बदलून मिळणार हे निश्चित झाल्यावर त्या छांदिष्टापुढे नवाच पेच उभा राहतो. त्याची जुनी काठी आता कारखान्यात तयार होत नसते. पेढी म्हणते, सध्याच्या प्रकारांतून दुसरी निवडा. पण दहा वर्षे हाताला सवय झालेली काठी संथ वाकणारी होती आणि नवी ताठ आहे. ताठ काठीला दोरी निराळी लागते, कदाचित चक्रीही निराळी लागते. नवी काठी जुनीपेक्षा महाग असली तरी ती अधिक उपयोगी असेलच असे नाही. म्हणजे बदली वस्तू ‘चांगली’ की नाही हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. ती वापरणाऱ्या हाताशी आणि ज्या पाण्यात ती वापरायची त्या पाण्याशी जुळते की नाही, यावरून ते ठरते. म्हणूनच समजूतदार विक्रेता निवड ग्राहकावर सोपवतो. श्रीमंतांच्या करमणुकीतून निघालेले हे तत्त्व अर्थशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे बिनचूक आहे. ते करमणुकीपुरतेच का राहावे, हा खरा प्रश्न आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, वैनगंगेच्या पश्चिम तीरावर ब्रह्मपुरी तालुका आहे. नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पूर्वी दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात होते. हा धानाचा मुलूख आहे आणि धानाचा आहे म्हणूनच तळ्यांचाही आहे. मालगुजारीच्या काळात बांधलेले आणि १९५१ साली मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेले तलाव, शेतातल्या बोड्या आणि वैनगंगेचे पात्र यांवर ढीवर समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मरळ, राहू, कतला, झिंगे पकडून आठवडी बाजारात विकायचे, आणि उरलेल्या दिवसांत धानाच्या बांधीवर मजुरी करायची, असे या जीवनाचे साधारण स्वरूप आहे. ढीवराच्या हातातले साधन मोडले तर काय होते, याचा विचार ग्राहकहिताच्या चर्चेत क्वचितच होतो.

एके काळी या प्रश्नाला सोपे उत्तर होते. गळाची काठी बांबूची, जाळे सुताचे किंवा तागाचे आणि डोंगा झाडाच्या खोडाचा. काठी मोडली तर दुसरी तोडायची. जाळे फाटले तर ज्या हातांनी विणले त्याच हातांनी सांधायचे. जुन्या मध्यप्रांतात रयतेला जंगलातून घरगुती व शेतीच्या गरजेपुरता लाकूडफाटा, बांबू, गवत घेण्याचा निस्तार हक्क होता. या हक्काकडे केवळ सवलत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो गरिबाच्या साधनाचा विमा होता. कोणत्याही पेढीच्या शिक्क्याशिवाय जंगलच त्याला मोडलेल्या काठीच्या बदली दुसरी काठी देत होते, आणि ती निवडण्याचा अधिकारही त्याचाच होता. पुढे वनखात्याचे नियम आवळत गेले, बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी या दोन्ही जिल्ह्यांतील बांबूची जंगले दीर्घ मुदतीने राखली गेली, आणि बांबू हे कायद्याच्या लेखी ‘इमारती लाकूड’ ठरले. गवताच्या कुळातली वनस्पती लाकूड नव्हे, एवढी साधी गोष्ट मान्य करण्यास १९२७ चा वन कायदा २०१७ पर्यंत थांबला. आणि तेव्हाही दुरुस्ती झाली ती वनाबाहेरच्या बांबूपुरती. मधल्या काळात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ग्रामसभेने २०११ साली बांबूवरील आपला अधिकार प्रत्यक्ष बजावून दाखवला, हे या प्रदेशाला भूषणावह आहे. (इंग्रजांच्या माशीच्या गळाच्या आरंभीच्या चिरीव बांबूच्या काठ्या ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हिंदुस्थानी बांबूच्याच होत्या, ही गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे. चिनी बांबू नंतर आला.)

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सुताच्या जाळ्याची जागा नायलॉनने घेतली. हे जाळे हलके, चिवट आणि न कुजणारे. त्याने उत्पादन वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याबरोबर ढीवर उत्पादकाचा ग्राहक झाला. साधन आता बाजारातून येते, पुष्कळदा उधारीवर येते आणि बहुधा पक्क्या पावतीशिवाय येते. धाग्याची जाडी, जाळ्याच्या आसाचा आकार, गाठींची पकड यांबद्दल विक्रेता सांगेल ते खरे मानावे लागते. हंगामाच्या तोंडावर गाठी सरकू लागल्या आणि जाळे परत नेले, तर एक उत्तर ठरलेले असते: ‘उन्हात वाळवले असेल.’ नायलॉन उन्हाने कमजोर होते हे शास्त्रीयदृष्ट्या खरेच आहे. म्हणूनच ही सबब इतकी सोयीची आहे. फारच गळ घातली तर बदली जाळे मिळते, पण ते दुकानात पडून असलेले. त्याचा आस बारीक असतो. त्यात मत्स्यबीजच अडकते आणि तळ्याचा पुढच्या वर्षाचा मासा या वर्षीच संपतो. बदली वस्तू हाताशी आणि पाण्याशी जुळली नाही तर काय होते, याचे हे उदाहरण व्हर्मांटच्या छांदिष्टाच्या अडचणीहून कितीतरी अधिक गंभीर आहे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘वॉरंटी’ या शब्दाला जो अर्थ आहे तो जाहिरातींवर पोसलेल्या वाचकाला चकित करील. करारातील मुख्य अट मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो; ‘वॉरंटी’ ही मात्र आनुषंगिक अट, ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. कार्डावर ठळक अक्षरांत छापलेला शब्द कायद्याच्या दृष्टीने दुबळा आहे. पुढे समाजवादी चळवळीशी जवळचे नाते असलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ साली दिलेल्या अहवालानंतर, १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचे प्रकरण आले. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणे ही त्यात अनुचित प्रथा ठरली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी महागाईविरुद्ध काढलेले लाटणे मोर्चे आणि १९७४ पासून बिंदुमाधव जोशी यांनी उभी केलेली ग्राहक पंचायत यांनी लोकमत तयार केलेच होते. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

या कायद्याने मूळ रूपात व्यापारी हेतूने खरेदी करणाऱ्याला ग्राहकाच्या व्याख्येतून वगळले होते. हे योग्यच होते. भांडवलदारांचे आपसातील तंटे ग्राहक मंचाने का सोडवावेत? परंतु त्या वाक्याच्या कचाट्यात शिवणयंत्र घेणारा शिंपीही सापडत होता. १९९३ च्या दुरुस्तीने ही चूक सुधारली. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जाऊ नये, असा खुलासा जोडण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथ चालवणारा हे ग्राहकच होत असे स्पष्ट केले, आणि २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सदोष बियाणे मिळालेल्या शेतकऱ्यालाही ग्राहकाचा दर्जा मान्य केला. २०१९ च्या नव्या कायद्यातही हा खुलासा कायम आहे. या न्यायाने स्वतः जाळे टाकणारा ढीवर निःसंशय ग्राहक आहे.

येथे युरोपशी तुलना उद्‌बोधक ठरते. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशाने दुरुस्ती हवी की बदली वस्तू, ही निवड ग्राहकाला दिली. विक्रेत्याला ती नाकारता येते ती अशक्य किंवा अवाजवी खर्चाची असेल तरच. शिवाय प्रारंभीच्या ठराविक काळात निघालेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते; वापरणाऱ्याची चूक सिद्ध करण्याचे ओझे विक्रेत्यावर असते. हा काळ पूर्वी सहा महिन्यांचा होता, २०१९ च्या निर्देशाने तो एक वर्षाचा केला. पण तिकडे ग्राहक म्हणजे आपल्या धंद्याबाहेर खरेदी करणारा. छंदासाठी काठी घेणाऱ्याला हे संरक्षण आहे, मासेमारीवर जगणाऱ्याला नाही. आपल्याकडे नेमके उलट आहे. व्याख्या उदार आहे, उपाय मात्र तोकडा. दोष दूर करणे, तशाच वर्णनाची निर्दोष वस्तू देणे, किंमत परत करणे यांपैकी काय द्यायचे ते आयोग ठरवतो. तक्रारीपूर्वी दुकानाच्या पायरीवर निवडीचा हक्क कोणाचा, याबद्दल कायदा मुग्ध आहे. आणि वास्तवात निवाडा त्या पायरीवरच होतो. ब्रह्मपुरीहून चंद्रपूरचा जिल्हा आयोग शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, तीन महिन्यांत निकाल व्हावा असे कलम आहे, हे सर्व कागदावर चांगले आहे. पण जाळ्याचा दोष प्रयोगशाळेत तपासायचा झाला की मुदत पाच महिन्यांवर जाते आणि तपासणीची रक्कम प्रथम तक्रारदाराने भरावी लागते. तोवर हंगाम संपलेला असतो.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली लिहिलेला एक निबंध पुढे फार गाजला. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकामागे तोच होता. खरेदीदाराला गुणवत्ता कळत नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो, हे त्याचे सूत्र. अ‍ॅकरलॉफ काही काळ भारतात राहिले होते. बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, तांदळाच्याच रंगाचे खडे वेचीत बसणारी भारतीय गृहिणी त्या निबंधात आली आहे. ब्रह्मपुरीच्या तांदूळबाजारात ते वाचले गेले असते तर कोणाला नवल वाटले नसते. अशा बाजाराला आळा घालणाऱ्या संस्थांत त्यांनी हमीपत्राला पहिले स्थान दिले. परंतु बाजार आपण होऊन हमी देतो तो जेथे खरेदीदाराचे मत पेढीला महाग पडू शकते तेथे. पंचवीस वर्षांच्या हमीचा खर्च काठीच्या भरभक्कम किमतीत आधीच धरलेला असतो. उधारीवर जाळे घेणाऱ्याच्या नाराजीची किंमत शून्य, म्हणून त्याच्या हमीची किंमतही शून्य. याच टापूतल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या धानाला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे एच.एम.टी. हे नाव मिळाले. त्या घड्याळाबरोबर हमीपत्र येई. धानाचे बी, जाळे, फवारणीचा पंप यांच्याबरोबर ते येण्यासाठी मात्र कायद्याचा रेटा लागतो.

हमीचा गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेतील एल. एल. बीन या कंपनीने आजन्म माल परत घेण्याचे आपले धोरण २०१८ साली गुंडाळून एक वर्षाची मर्यादा घातली, कारण लोक वर्षानुवर्षे वापरून झिजलेल्या वस्तूही परत आणू लागले. आजन्म हमी ढीवरालाही नको आहे. त्याला एका हंगामाची हमी पुरे, आणि त्या हंगामात जाळे टाकून देण्यात त्याचा स्वतःचाच तोटा आहे. निष्काळजीपणाची चैन ज्याला दुसरे जाळे घेणे परवडते तोच करू शकतो.

केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या कल्पनेसाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे आणि मोटारी आल्या. मासेमारीची साधने आली नाहीत. ती यावीत, अशी मागणी मच्छीमार सहकारी संस्थांनी केली पाहिजे. त्याहून तातडीची गोष्ट अनुदानाची आहे. जाळी आणि होड्या यांच्या खरेदीत जेथे जेथे सार्वजनिक पैसा येतो, तेथे विक्रेत्याशी अटी ठरवण्याची ताकदही आलेली असते; ती वापरली जात नाही एवढेच. एक वर्षाची लेखी हमी, दोष निघाल्यास तो वापरामुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी पुरवठादारावर, आणि बदली जाळ्याचा आस व धागा निवडण्याचा अधिकार सभासदाचा, ही कलमे खरेदीच्या करारात घालता येतील. पावती सभासदाच्या नावाने असावी. संस्थेच्या नावाने असली तर हा व्यापारी खरेदीचा व्यवहार आहे असे पुरवठादाराचा वकील म्हणू शकतो, आणि १९९३ चा खुलासा वादात सापडतो. यांपैकी एकाही गोष्टीला संसदेची वाट पाहावी लागत नाही. संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा एक ठराव आणि त्यावर मत्स्यव्यवसाय खात्याची सही, एवढ्यावर येत्या पावसाळ्यापूर्वीच्या खरेदीत ती कलमे घालता येतील.