लाखांतली एक हिरवी काडी

मुलांनो, गणपतीसाठी तुम्ही दूर्वा तोडता ना? त्याच दूर्वा, म्हणजे हरळी, धुऱ्यावर दिसली की बाबा उपटून फेकतात. गाय मात्र ती आवडीने खाते. आज या हरळीच्याच एका दूरच्या बहिणीची गोष्ट सांगते.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन म्हणून गाव आहे. तिथे ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ चाऱ्यासाठी हरळीच्या नव्या जाती तयार करत. 'कोस्टक्रॉस-1' ही त्यांची जात गुरांना पचायला छान, पण कडक थंडी पडली की मरायची. तुम्ही म्हणाल, थंडी सोसणाऱ्या जातीशी संकर करा! पण ही पडली संकरित, तिला बीच धरत नाही. कांडी लावूनच वाढवायची, आणि कांडीचं रोप हुबेहूब आईसारखं. आपल्याकडच्या संकरित नेपियर गवताचंही तेच. बाजरीच्या पेशीत गुणसूत्रं 14, नेपियरच्या पेशीत 28, आणि दोघांच्या लेकरात 21. आता 21 च्या जोड्या लावून दाखवा बरं!

मग 1970 च्या दशकात बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो कांड्यांवर गॅमा किरण सोडले आणि त्या थंड डोंगराळ भागात लावल्या. किरणांनी गुणसूत्रांत कुठेतरी बदल होतो. कुठे, ते आपल्या हातात नसतं. बहुतेक बदल तर वाईटच. हिवाळ्यात जवळजवळ सगळं मेलं. जगली ती बोटांवर मोजण्याइतकी रोपं, आणि त्यांतूनच थंडीला टिकणारी नवी हरळी मिळाली. मला तर किरणांपेक्षा त्या वाळल्या शेतात वाकून हिरवी काडी शोधणाऱ्यांचं कौतुक वाटतं.

आता आपल्या नांदगाव पेठच्या शिवारात या. उडदाची 'टीएयू-1' माहीत आहे का, आजोबांना विचारा. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी 1985 साली ती दिली. भुईमुगाची 'टीएजी-24' तशीच. दोन्ही किरण दिलेल्या रोपांच्या वंशातल्या, आणि दोन्हींचं कुटार आपली ढोरं खातात.

"मग ते किरण दुधात उतरतात का हो बाई?" असं एका आईने मला विचारलं. नाही उतरत. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसंच हे. किरण बियाण्यातून पार गेले की संपले. मागे राहतो तो फक्त गुणसूत्रांतला बदल.

दर्यापूर, भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात थंडीचा नाही, मिठाचा त्रास. तिथल्यासाठी गवत शोधायचं तर परीक्षाही मिठाचीच घ्यावी लागते. ती घरी करून पाहा. दोन ताटल्यांत ओलं फडकं पसरून ज्वारीचे पन्नास-पन्नास दाणे ठेवा. एकीला साधं पाणी, दुसरीला लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून. चौथ्या दिवशी दोन्हीकडचे कोंब मोजा. खाऱ्या ताटलीत सगळ्यांत आधी कोण उगवलं, त्या दाण्याला वेगळ्या कुंडीत लावा आणि आकडे मला पोस्टकार्डावर कळवा.