विश्लेषण : कामाच्या फोनचे ‘अपडेट’ करायचे कुणी?

बारामती बाजार समितीच्या जळोची उपबाजारात लिलाव ऐन भरात आहे आणि पट्ट्या करणाऱ्या दिवाणजीचा फोन नेमका अपडेटसाठी बंद पडला, अशी कल्पना करा. वजनाचे आकडे फोनमध्ये, ठरलेला भाव व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेला, कारण त्याला गावची एसटी गाठायची आहे. पुढच्या वेळी अपडेटची सूचना आली, की तो दिवाणजी ‘नंतर’वर बोट ठेवणार, यात शंका नाही. मग ते ‘नंतर’ महिनोन्महिने लांबते. यात चूक कुणाची?

अपडेटमध्ये असते काय?

फोनला येणारे अपडेट मुख्यतः दोन प्रकारचे असते. एक म्हणजे वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती. तिच्यामुळे फोनचे रूप आणि सोयी बदलतात. दुसरे म्हणजे सुरक्षेचे ठिगळ, ज्याला ‘सिक्युरिटी पॅच’ म्हणतात. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी सापडली. खास तयार केलेला व्हिडीओ संदेश पाठवून फोनचा ताबा घेता येईल, अशी ती होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गुगल दरमहा अशा त्रुटींची यादी जाहीर करू लागले. खरी गोम इथेच आहे. ठिगळ जाहीर झाले, की भोक कुठे आहे हेही जगाला कळते. त्यामुळे अपडेट न केलेला फोन आहे तसा राहत नाही. दिवसागणिक तो अधिक असुरक्षित होत जातो.

टाळले तर काय होते?

उदाहरण संगणकांचे आहे, पण धडा तोच. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये विंडोजमधील एका त्रुटीचे ठिगळ दिले. ज्यांनी ते लावले नाही, त्यांना मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने गाठले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. जून महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या मार्गांपैकी एक तीच जुनी त्रुटी होती. त्या हल्ल्याचा फटका न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही बसला होता.

मग आले की लगेच टाकावे का?

तसेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणूनच मोठ्या कंपन्या अपडेट आधी मोजक्या उपकरणांवर लावून पाहतात आणि मग सगळ्यांना देतात. कंपनीच्या नियंत्रणातील अँड्रॉइड फोनवर अपडेट रात्रीच्या ठरावीक वेळेतच व्हावे, किंवा ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलावे, अशी सोय असते. सणासुदीच्या गर्दीत ते ९० दिवसांपर्यंत गोठवताही येते. आयफोनसाठीही ९० दिवसांपर्यंत लांबणीवर टाकण्याची सोय आहे. पुढे ढकलण्याला मुदत आहे, हे इथे महत्त्वाचे. कंपनीचे ‘नंतर’ तारखेचे असते, दिवाणजीचे ‘नंतर’ बिनतारखेचे.

अंगणवाडी सेविकांनी फोन का परत केले?

काम मोबाईलवर आणले, पण मोबाईलची जबाबदारी ठरवली नाही, तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. राज्यातील अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये सरकारी फोन मिळाले. त्यांची रॅम अवघी २ जीबी होती. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आले. ॲप वाढत गेले, फोन मात्र होते तेच राहिले. फोन गरम होणे, अडकणे, जागा कमी पडणे आणि दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागणे, अशा तक्रारी होत्या. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ‘मोबाईल वापसी’ आंदोलन करून फोन प्रशासनाकडे परत दिले. फेब्रुवारी २०२३ च्या राज्यव्यापी संपातही नव्या मोबाईलची मागणी होती. सेविकांचा विरोध कामाला नव्हता. माहिती सरकारला हवी, मात्र ती भरण्याचे साधन टिकवण्याचा भार मानधनावर काम करणाऱ्या बाईवर, या हिशेबाला तो होता.

फोन कर्मचाऱ्याचा, जबाबदारी कुणाची?

अडत्याचा गाळा असो, औषधांचे दुकान असो वा एमआयडीसीतील लहान कारखाना, बहुतेक ठिकाणी काम कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवरच चालते. डेटा त्याचा, रिचार्ज त्याचे आणि अपडेटसाठी लागणारा अर्धा तासही त्याच्या जेवणाच्या सुट्टीतला. फोन हॅक झाला, तर बोलणीही त्यालाच. हा न्याय नव्हे. वजनकाट्याची पडताळणी मालकच करून घेतो. हमालाला कुणी ‘काटा तुझा तू बघ’ म्हणत नाही. फोन हा आता काट्याइतकाच धंद्याचा भाग आहे. कायद्याची दिशाही तीच आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार ग्राहकांची माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्या आस्थापनेची आहे, तिथल्या नोकराची नव्हे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

छोट्या आस्थापनेला काय जमेल?

त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. महिन्यातला एक दिवस ठरवावा, शक्यतो बाजाराच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. दुकानात वायफाय द्यावे, फोन चार्जिंगला लावावेत आणि तो वेळ कामाचाच धरावा. आधी ज्याच्यावाचून अडत नाही असा एक फोन अपडेट करावा. दोन-तीन दिवस यूपीआय, व्हॉट्सॲप आणि हिशेबाचे ॲप नीट चालले, की बाकीचे. अपडेटपूर्वी नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि त्या दिवसापुरते कागदी पट्टीपुस्तक हाताशी असू द्यावे.

सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती बरीच जुनी असेल आणि नवे अपडेट मिळतच नसेल, तर तो फोन पैशांच्या व्यवहारातून बाजूला काढावा. नवा घ्यायचा तर किमतीसोबत ‘किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार’ हेही दुकानदाराला विचारावे. व्हॉट्सॲपवर आलेली ‘अपडेट’ नावाची एपीके फाइल मात्र कधीही उघडू नये. खरे अपडेट फोनच्या सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधूनच येते. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे.

दिवाणजीने ‘नंतर’ म्हटले, तर त्याला दोष देण्याआधी मालकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा : ते ‘नंतर’ नेमके कधी, हे आपण ठरवून दिले होते का?