तजुर्बा : एक शब्द, दोन अर्थ

उर्दूत ‘तजुर्बा’ म्हणजे अनुभवही आणि प्रयोगही. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि ते बरंच आहे. 2020च्या खरिपात लातूर-नांदेडकडे सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. तरी ‘शेजाऱ्याचं उगवलं’ एवढ्या भरवशावर आपण आजही बियाणं घेतो. शेजाऱ्याची जमीन वेगळी, ओल वेगळी, पेरणीची खोली वेगळी. त्यापेक्षा चांगले-वाईट न निवडता 100 दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. आठवड्याने कोंब मोजा. 70च्या खाली भरले, तर बियाणं प्रमाणात बसत नाही.

आमचे चाचा म्हणतात, ‘चाळीस वर्षांचा तजुर्बा आहे माझा.’

चाचा, आता दुसरा तजुर्बाही करा. त्याला आठवडाच लागतो.