अक्षरांवरील खुणा

‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार महाराष्ट्रांत लहान मुलासहि ठाऊक आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. त्या प्रसंगीं ‘धरावें’ या शब्दाचें कोणीं ‘मारावें’ केलें, अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यांतील बोध खोटा नाहीं: एक अक्षर बदललें कीं आज्ञेचा अर्थ फिरतो. आमच्या वैदिकांना तर तेवढ्याचीहि गरज वाटत नसे. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला, आणि इंद्राला मारण्यासाठीं उत्पन्न केलेला वृत्र स्वतःच इंद्राच्या हातून मेला, ही कथा संस्कृत शिकणाऱ्यानें ऐकलेली असते. तेथें अक्षरें तींच राहिलीं, बदलला तो केवळ स्वर.

आज वाचकांपुढें ठेवावयाचा विषय शरीरांतील लेखनाचा आहे. परंतु त्याचें मर्म या दोन कथांत सांठविलेलें आहे.

पेशीच्या पोटांत डी.एन.ए. नांवाची आनुवंशिक पोथी असते. तिच्यांतील हवा तेवढा मजकूर उतरून घेऊन त्याबरहुकूम प्रथिनें घडविण्याचें काम आर.एन.ए. करतें. त्याची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची: अॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व युरॅसील. शाळेच्या पुस्तकांत हें वर्णन बहुधा येथेंच संपतें. तथापि नक्कल उतरून झाल्यावर पेशी त्या लेखावर पुन्हां हात फिरविते. कोठें एखाद्या अक्षरास कार्बनचा लहानसा गट चिकटविते, तर कोठें अक्षरच वळवून दुसऱ्या बाजूनें बसविते. अशा रासायनिक खुणांचे १७० हून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. आपल्या लिपींतील मात्रा व अनुस्वार डोळ्यांपुढें आणिले, म्हणजे या खुणांची कल्पना येईल.

यांतील एकच उदाहरण पाहूं. संदेशांतील तीन-तीन अक्षरांचा शब्द वाचून त्यास अनुरूप असें अमिनो आम्ल आणून देणारीं वाहक आर.एन.ए. असतात. जीवाणूंच्या पेशींत असें एक वाहक आहे कीं, त्याच्या वाचनाच्या जागीं साधें सायटोसीन राहिलें, तर तें मिथिओनीन या आम्लाचा शब्द वाचतें. परंतु पेशी त्या एका अक्षरास लायसीन जोडते. त्याचें लायसिडीन होतें, आणि तेंच वाहक आतां आयसोल्यूसीन आणूं लागतें. हा खराखुरा ‘ध’ चा ‘मा’ होय. मात्र येथें तो जीव रक्षण्यासाठीं केला जातो. जपानी शास्त्रज्ञांनीं १९८८ सालीं हा प्रकार उजेडांत आणिला. पुढें २००८ सालीं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतील कैलास सोनवणे यांनीं आर. तिवारी यांच्यासमवेत, या लायसिडीनचे अणु परस्परांशीं कोणत्या कोनांत बसतात याचें गणित मांडून प्रसिद्ध केलें.

खूण गळाली तर काय अनर्थ होतो, हें ‘मेलास’ नांवाच्या रोगावरून कळतें. हा आईकडून मुलांकडे येतो, आणि लहान वयांतहि अर्धांगवायूसारखे झटके आणितो. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकेंतील एका वाहकाचें एक अक्षर चुकलेलें असतें. त्या चुकीमुळें भलत्याच जागच्या अक्षरावर चढावयाची टॉरीन या द्रव्याची खूण चढतच नाहीं, आणि वाचन अडतें. गळालेली खूण जपानांतील संशोधकांनीं ओळखिली. तेथील वैद्यांनीं त्यावरून रोग्यांना टॉरीनच मोठ्या मात्रेनें देऊन पाहिलें, आणि कांहीं जणांचे झटके थांबले. २०१९ सालीं तेथील सरकारनें या उपचारास मान्यता दिली. रोग समूळ जात नाहीं. पण ज्या मातेचें लेंकरूं वारंवार झटक्यानें पडतें, तिला एवढी उसंतहि थोडी नव्हे.

आतां दुसरी कथा. युरॅसील साखरेला जेथें जोडलेलें असतें, तेथून सोडवून व वळवून दुसऱ्या बाजूनें जोडलें, म्हणजे स्यूडोयुरिडीन होतें. हें १९५१ सालीं प्रथम आढळलें. त्या वेळीं त्याचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल, असें कोणाच्या मनांतहि आलें नसेल. पुढें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत कॅटलिन कारिको या हंगेरियन विदुषी आर.एन.ए. पासून औषध करण्याच्या खटपटींत होत्या. अनुदान मिळेना, आणि १९९५ सालीं त्यांना पदावरून खालीं उतरविण्यांत आलें. ड्र्यू वाइसमन या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाशीं त्यांची ओळख झाली ती छायाप्रति काढण्याच्या यंत्रापाशीं. प्रयोगशाळेंत बनविलेलें आर.एन.ए. शरीरांत गेलें कीं दाह उत्पन्न होतो, ही अडचण होती. स्वतःच्या आर.एन.ए. वरील खुणांवरून शरीर आपलें-परकें ओळखतें, हें या दोघांनीं ताडिलें. साध्या अक्षराच्या जागीं स्यूडोयुरिडीन घातलें, आणि दाह शमला. हें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. २०२० च्या अखेरीस कोरोनावरील ज्या आर.एन.ए. लसी निघाल्या, त्यांपैकीं दोन प्रमुख लसींत याच स्यूडोयुरिडीनचें मिथिलयुक्त भावंड होतें. उभयतांस २०२३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

एकट्या रसायनज्ञाला खूण दिसली, पण तिचा अर्थ लागला नाहीं. एकट्या वैद्याला दाह दिसला, पण त्याचें कारण सांपडलें नाहीं. या विद्येंत पदार्थविज्ञानाचाहि वांटा आहे. आमच्या देवनारच्या शेजारीं तुर्भें येथें भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील अणुभट्ट्यांत फॉस्फरस-३२ हें किरणोत्सर्गी द्रव्य निर्माण झालेलें आहे. सुमारें चौदा दिवसांत तें निम्में उरतें; पण तेवढ्या अवधींत तें आर.एन.ए. च्या तुकड्यांस जोडून, कोणत्या अक्षरावर कोणती खूण आहे हें ओळखण्याची रीत जगांतील प्रयोगशाळांनीं चालविली. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेंत श्रीवत्सन हे रसायनज्ञ व संजीव गलांडे हे जीवशास्त्रज्ञ यांनीं सहकाऱ्यांसह २०१६ सालीं आणखी एक युक्ति प्रसिद्ध केली. अझाइड नांवाचा गट लाविलेलें अक्षर जिवंत पेशीस द्यावयाचें. पेशी तें आपल्याच हातानें नव्या आर.एन.ए. मध्यें लिहिते, आणि मग त्या गटास चमकणारें द्रव्य जोडलें कीं तें लेखन सूक्ष्मदर्शकांत उजळून दिसतें.

आपल्या घरांतून मुलांमुलींच्या शिक्षणाचा विचार चार वडील मंडळी एकत्र बसून करितात, हें योग्यच आहे. त्या वेळीं दोन गोष्टी ध्यानांत असाव्यात. रसायन घेतलें म्हणजे जीवशास्त्र सुटलें, गणित घेतलें म्हणजे वैद्यक दुरावलें, असा विद्यांमध्यें सोंवळें-ओंवळें पाळण्याचा काळ गेला. ज्यास शेजारच्या विद्येची भाषा थोडीफार समजते, त्याच्याच हातून असलीं कामें होतात. आणि घरांतील एखादी मुलगी संशोधनांत वर्षेंच्या वर्षें घालवूं लागली, तर “याचा उपयोग काय?” असें तिला विचारण्यापूर्वीं हिशेब करावा: १९५१ सालीं दिसलेली खूण माणसांच्या दंडांत लसीच्या रूपानें पोहोंचावयास २०२० साल उजाडलें. एकूणसत्तर वर्षें ती खूण कोणीतरी जपली, म्हणूनच ती वेळेस हातीं आली.