शैक्षणिक मेळाव्यात 'फी किती?' विचारण्याआधी 'प्रवेश कॅपमधून आहे का?' हे का विचारायचं?

बारावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. सभागृहांत, मंगल कार्यालयांत कॉलेजांचे स्टॉल लागतात. आई-वडील आणि मुलं माहितीपत्रकांनी भरलेली पिशवी घेऊन घरी जातात. पण लाखो रुपयांचा फरक पाडणारी एक गोष्ट त्या पिशवीत सापडेलच असं नाही.

स्टॉलवाल्यांचं लक्ष इथेच का?

कारण लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू, दयानंद अशा कॉलेजांमुळे लातूरचं नाव झालं. मराठवाडाभरातून मुलं नीट आणि सीईटीच्या तयारीला लातूर-नांदेडला येतात. सरकारी जागा मात्र मोजक्याच. दोन्ही शहरांत एकेक सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इंजिनीअरिंगसाठी नांदेडच्या विष्णुपुरीतली श्री गुरु गोबिंदसिंगजी ही शासन अनुदानित संस्था आहे. तिथे नंबर लागला नाही की घरात दुसरे पर्याय शोधले जातात आणि मेळाव्याचे पास हातात पडतात.

कॅपने नेमका काय फरक पडतो?

कॅप म्हणजे सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. आधी ती ५० टक्के होती.

पण अट आहे. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळली आहेत.

म्हणजे समजा, ओबीसी प्रवर्गातल्या एका मुलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचं आहे. पहिला स्टॉल विनाअनुदानित कॉलेजचा. तिथे कॅपमधून नंबर लागला तर शिक्षण शुल्क माफ. शेजारचा स्टॉल खाजगी विद्यापीठाचा. कोर्स तोच, पण या योजनेचा एक रुपयाही मिळणार नाही. 'आम्ही स्कॉलरशिप देतो' असं तिथे सांगितलं, तर ती सरकारची की विद्यापीठाची, आणि चारही वर्षं मिळणार का, हे विचारायलाच हवं.

मुलांनाही हे लागू होतं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतली ५० टक्के सवलतही कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते.

जाण्याआधी काय करायचं?

- सीईटी सेलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षीचा कटऑफ बघा. आपल्या पर्सेंटाइलला बसणारी पाच-सहा कॉलेजं लिहून घ्या.
- शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर त्या कॉलेजांची मंजूर फी बघा. स्टॉलवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो.
- उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्राचं काम निकालाची वाट न बघता सुरू करा. कागद नसेल तर पात्र असूनही सवलत हातची जाते.

स्टॉलवर काय विचारायचं?

प्रवेश कॅपमधून की संस्था स्तरावर? होस्टेल, मेस आणि इतर शुल्क धरून वर्षाचा एकूण खर्च किती? माफी मिळाली तरी हा वरचा खर्च घरातूनच करावा लागतो. प्लेसमेंटमध्ये सर्वात मोठं पॅकेज नको, आपल्या ब्रँचच्या किती मुलांना नोकरी लागली ते विचारा. उत्तरं लेखी मागा.

'आजच सीट बुक करा' म्हणाले तर?

थांबा. मूळ कागदपत्रं तर देऊच नका. प्रवेशावेळी ती फक्त पडताळून परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलं आहे.

मेळाव्याला जाण्यात वाईट काहीच नाही. एका छताखाली दहा कॉलेजं भेटतात, गाडीभाडं वाचतं. फक्त स्टॉलवर बसलेला माणूस कॉलेजचा असतो, हे लक्षात ठेवायचं. माहिती तिथून घ्या आणि निर्णय घरी येऊन, कटऑफ आणि मंजूर फी समोर ठेवून करा.