आजीचं ताक की मामाची पुडी?

दोस्तांनो, या खेपेला एका पत्राचं उत्तर द्यायचं आहे. पत्र आलंय राजापूरहून, सातवीतल्या एका मुलीचं. 'नाव छापू नका, वर्गातली मुलं हसतील' असं तिनं खाली दोन रेघा ओढून बजावलंय. म्हणून आपण तिला नुसतं राजापूरकर म्हणू.

तर या राजापूरकरबाईंच्या मामानं मे महिन्याच्या अखेरीस कोल्हापूरहून राजहंसाची सहा पिल्लं आणली. मशीनमध्ये उबवलेली. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून ती अणुस्कुरा घाट उतरली आणि घरामागच्या मांगरात राहायला लागली. पहिले आठ दिवस मजेत गेले. मग पाऊस लागला, आणि पिल्लांना हगवण लागली. दोन दगावली. तिनं लिहिलंय, "एक माझ्या मागेमागे यायचं, तेच गेलं."

हंसाची पिल्लं अशी मागे लागतात बरं का. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलताना दिसेल, त्यालाच ती आई समजतात. कॉनरॅड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं हाच अभ्यास करत हंसांच्या पिल्लांची वरात आपल्या मागे फिरवली होती. पुढे 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा आमच्या राजापूरकरला किती वाईट वाटलं असेल ते मी समजू शकतो.

आता उरली चार पिल्लं. त्यांच्यासाठी मामानं खाद्याच्या दुकानातून एक पुडी आणलीय. तिच्यावर 'प्रोबायोटिक' असं लिहिलंय. यानं पोट सुधारेल आणि वजनही वाढेल, असं दुकानदार म्हणाला. आजी म्हणते, "असली पावडर कशाला हवी? चमचाभर ताक पाजा. आमच्या कोंबड्या त्यावरच वाढल्या." घरात दोन पक्ष पडलेत. आणि पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, "कोणाचं खरं?"

उत्तर देण्याआधी आपल्याला त्या पिल्लाच्या पोटात शिरावं लागेल. शिरू या?

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू म्हणजे जवळजवळ रिकामं घर. त्याच्या आतड्यात जंतूंची वस्ती अशी नसतेच. आता तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की! जंतू नाहीत म्हणजे आजार नाही. पण तसं नसतं. मोठ्या पक्ष्याच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. त्यातले पुष्कळसे निरुपद्रवी असतात, काही तर उपयोगी असतात. हंस गवत खातो हे तुम्हाला ठाऊक असेल. ते गवत त्याच्या पोटातल्या दणकट पेटीत, गिळलेल्या खड्यांच्या मदतीनं, जात्यात दळावं तसं भरडलं जातं. पुढे आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या असतात, म्हणजे एका बाजूनं बंद. तिथे बसलेले जंतू गवतातला थोडाफार चोथा आंबवतात आणि त्यातून पक्ष्याला उपयोगी पडणारी आम्लं तयार करतात. थोडाफारच, कारण हंसाच्या पोटातून खाणं फार झपाट्यानं पुढे सरकतं. गाईसारखं रवंथ करत बसायला त्याला वेळ कुठे!

या वस्तीचा आणखी एक फायदा आहे, आणि आपल्या पत्राशी त्याचाच जास्त संबंध आहे. गणपतीच्या दिवसांत तुम्ही एसटीनं गावाला गेला असाल. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. जागा धरली! नंतर आलेला माणूस कितीही दांडगा असो, त्याला उभंच राहावं लागतं. आतड्यातही असंच चालतं. चांगल्या जंतूंनी आधी जागा धरली, तिथलं खाणं संपवलं, आजूबाजूला आंबटपणा करून ठेवला, की साल्मोनेलासारख्या दुष्ट जंतूला बूड टेकायला जागा मिळत नाही. आणि घर रिकामं असेल तर? मग जो पहिला आला तो मालक. म्हणून एका दिवसाच्या पिल्लाला मोजक्या साल्मोनेलांमुळेही आजार होऊ शकतो, आणि मोठा पक्षी तेवढ्याला दाद देत नाही.

हे रुमाल टाकतं कोण? आई. खुडूक कोंबडी किंवा हंसीण पिल्लांना पंखाखाली घेते, मातीत फिरवते, स्वतः टोचलेलं खायला लावते. तिच्या पिसांवरचे, शिटेतले, अंगणातले जंतू पिल्लाच्या पोटात जातात. आपल्याला हे किळसवाणं वाटतं, पण पिल्लाचा तो वारसाहक्कच म्हणायला हवा. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही. स्वच्छ ट्रे, स्वच्छ खोकं, आणि मग एकदम घाट उतरून राजापूरचा पावसाळा!

ही गोष्ट पहिल्यांदा नीट सिद्ध केली ती फिनलंडमध्ये. तिथे 1971 साली कोंबड्यांमधून माणसांत साल्मोनेलाची साथ पसरली होती. एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांटाला यांनी एक धीट प्रयोग केला. निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला. ई! पण पुढे पिल्लांना साल्मोनेला दिला तेव्हा त्यांचा बचाव झाला. 1973 साली हा प्रयोग 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात छापून आला. हरवलेल्या आईचं काम शास्त्रज्ञांनी केलं, असंच म्हणा ना.

मामाची पुडी म्हणजे याच कल्पनेचं सुटसुटीत रूप. 'प्रो' म्हणजे बाजूनं, 'बायोस' म्हणजे जीवन. अँटिबायोटिकच्या उलट. गंमत म्हणजे आज दह्याच्या डब्यावर मिरवणारा हा शब्द 1974 साली पार्कर यांनी वापरला होता तो जनावरांच्या खाद्यासाठी. गोठ्यातून तो आपल्या ताटात आला.

पण मग त्याआधी वजन वाढवायला काय द्यायचे? अँटिबायोटिक! त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत 1945 साली ऑरिओमायसिन हे औषध सापडलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा 1948 च्या सुमारास तिथल्याच ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड यांनी कोंबडीच्या पिल्लांना घालून पाहिला. ते शोधत होते जीवनसत्त्व, पण पिल्लं वाढली ती अपेक्षेपेक्षा जास्त. चोथ्यात उरलेल्या औषधाची ती करामत होती. झालं, मग जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात अँटिबायोटिक चिमूट-चिमूट पडू लागलं. आजारी नसतानाही, रोज.

रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतू त्याला सरावतात. मग तेच औषध माणसाला खरोखर लागतं तेव्हा चालत नाही. मोठ्या माणसांनी हे वाक्य दोनदा वाचावं. स्वीडननं 1986 मध्येच वाढीसाठी अँटिबायोटिक देणं बंद केलं. युरोपीय संघानं 1 जानेवारी 2006 पासून ते पूर्ण थांबवलं. आपल्या देशात 2019 साली कोलिस्टिन या औषधावर बंदी आली. इतर सगळे उपाय थकल्यावर डॉक्टर माणसांना जे देतात, त्यांतलं ते एक. ते आता कोंबड्यांना, माशांना किंवा त्यांच्या खाद्यात देता येत नाही. ही जागा रिकामी झाली तशी प्रोबायोटिकच्या पुड्यांची दुकानं वाढली. हंसांवरचे प्रयोग चीनमध्ये जास्त होतात, कारण जगातले बहुतेक पाळीव हंस तिथेच आहेत.

आता आजी आणि मामा. आजी अगदीच चुकीचं बोलत नाही. ताकातले जंतू आणि पुडीतले जंतू एकाच गोतावळ्यातले असू शकतात, लॅक्टोबॅसिलस म्हणतात ते. पण दही लावणारे सगळेच जंतू पोटात मुक्काम करत नाहीत. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस तर येतो, थोडं काम करतो आणि पुढच्या गाडीनं निघून जातो. शिवाय दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. म्हणून पातळ ताक चमचाभर ठीक. वाटीभर पाजलंत तर थांबायला आलेली हगवण पुन्हा सुरू होईल.

आणि मामाची पुडी? ती उघडण्याआधी वाच. आत कोणते जंतू आहेत, एका ग्रॅममध्ये किती, तारीख कुठली, ठेवायची कुठे. प्रोबायोटिकमधले जंतू जिवंत असले तरच त्यांचा उपयोग. मेच्या उन्हात पत्र्याच्या दुकानात महिनाभर पडलेल्या पुडीतले लॅक्टोबॅसिलस बहुतेक मेलेले असणार. बॅसिलस सबटिलिस असेल तर बरं. तो बीजाणूच्या रूपात चिलखत घालून बसतो, त्याला उष्णता बरीच सोसते. पुडी गरम पेजेत कालवायची नाही. क्लोरीन घातलेल्या पाण्यात टाकायची नाही. आणि सोबत अँटिबायोटिक चालू असेल तर एका हातानं वस्ती वसवायची आणि दुसऱ्या हातानं पेटवायची, असं होतं. या पुडीचा खरा उपयोग पहिल्या काही दिवसांत, घर रिकामं असताना. तुझी पिल्लं आता महिन्याची झाली. फायदा होईलही, पण दुकानदार सांगतो तेवढा होईल असं मला वाटत नाही. जिथे जागा कोरडी, खाद्य चांगलं, तिथे पुडीनं फारसा फरक पडत नाही, असं प्रयोगांत पुष्कळदा दिसलंय.

माझं लक्ष तुझ्या पत्रातल्या एका वेगळ्याच ओळीकडे गेलं. तू सहज लिहून गेलीस, "खायला कण्या आणि शेंगदाण्याची पेंड देतो, पेंडीचं पोतं पडवीत भिंतीला टेकवून ठेवलंय." राजापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याची भिंत आषाढात कशी पाझरते ते तुला मी सांगायला नको. अशा ओलीत पेंडीला बुरशी धरते, आणि त्यातली एक जात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पटापट मेले. कारण शोधता शोधता शेवटी सापडलं ते शेंगदाण्याच्या पेंडीत! कोंबडीपेक्षा बदकाला आणि हंसाला हे विष लवकर बाधतं. त्याच्यापुढे ना मामाची पुडी टिकणार, ना आजीचं ताक.

तुझी पिल्लं त्यानंच गेली असं मी म्हणत नाही. इतक्या दुरून कोणी निदान करू नये. हगवणीला दहा कारणं असतात. पण पोतं आज उघड, वास घे (दुरूनच, नाक खुपसू नकोस), खडे बांधलेत का, हिरवट-काळपट दिसतंय का पाहा. तसं असेल तर ते टाकून द्या, गाईलाही घालू नका. नवं पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. मांगरात भाताचा तूस कोरडा अंथरा आणि ओला झाला की बदला. उघडीप मिळाली की पिल्लांना हिरव्या गवतात सोडा. नुसत्या कण्यांवर हंसाची पिल्लं नीट वाढत नाहीत. त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात. पुन्हा एखादं आजारी पडलं तर मामाला सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात पिटाळ, शिटेचा नमुना घेऊन. आणि पिल्लांना हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे. साल्मोनेलाला हंस आणि राजापूरकर यांतला फरक कळत नाही.

वादाचा निकाल हवाच असेल तर एक प्रयोग कर. दोन पिल्लांना पुडी, दोघांना नुसतं खाद्य. पायात वेगळ्या रंगाचे दोरे सैल बांध. दर रविवारी सकाळी, खायला घालायच्या आधी, वाण्याच्या काट्यावर वजन करून वहीत लिही. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास असणारं चांगल्या जातीचं पिल्लू, खाणं उत्तम असेल तर, दहा आठवड्यांत चार किलोपर्यंत जातं. तुझी तेवढी नाही झाली तरी घाबरू नकोस. आणि हो, चार पिल्लांवरून मामा जिंकला की आजी, हे ठरत नाही. एखादं पिल्लू मुळातच हावरट असेल तर सगळा हिशेब चुकतो. त्यासाठी शेकड्यांनी पिल्लं लागतात, आणि एवढी पिल्लं मामा खोक्यातून घाट उतरवून आणेल असं वाटत नाही.

तरी वही ठेव. पुढच्या पत्रात आधी पोत्याचं काय झालं ते लिही, मग वजनं.