काँग्रेस रेडिओ : ट्रान्समीटर आठवतो, बातमी आठवत नाही

दर ऑगस्टमध्ये उषा मेहतांचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. बावीस वर्षांची तरुणी, एक गुप्त ट्रान्समीटर आणि मागावर असलेले पोलीस. २०२४च्या ‘ऐ वतन मेरे वतन’ या चित्रपटानंतर तर मुंबईच्या या भूमिगत केंद्राची कथा एवढीच उरली आहे. मित्रहो, माझा आक्षेप या कथेच्या खरेपणावर नाही. तिच्यात रेडिओ आहे, पण त्यावरून काय बोलले गेले, हे कोठेच नाही.

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच. अशा वेळी २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर हे केंद्र ऐकू येऊ लागले. ठिकाण म्हणून फक्त ‘भारतात कोठेतरी’ एवढेच सांगितले जाई. जागा वारंवार बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेख वाडीत छापा पडला. दोन्ही टोकांचे दिवस धरून हे ७८ दिवस होतात. ‘तीन महिने’ हा सैल हिशेब आहे.

या दिवसांत केंद्राने चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील उठाव यांच्या बातम्या दिल्या. आणि वर्ध्याजवळचे आष्टी, चांदा जिल्ह्यातील चिमूर! चिमूरमध्ये १६ ऑगस्टच्या उद्रेकानंतर फौजफाटा घुसला आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. पुढे प्रा. भन्साळी यांनी चौकशीसाठी उपोषण मांडले, तेव्हा त्या उपोषणाची बातमी छापायलाही सरकारने मनाई केली. ज्या राज्यात उपोषणाचीसुद्धा बातमी होऊ दिली जात नव्हती, तिथे चिमूरचे नाव ध्वनिलहरींवर उच्चारणे हेच या केंद्राचे खरे कर्तृत्व होते. चिमूर महाराष्ट्रात असूनही आपण ते या कथेतून गाळतो, हे मला विशेष खटकते.

‘एकाकी तरुणी’ हेही अर्धसत्यच. मजकूर पुरवण्यात राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन होते. ट्रान्समीटर उभारणारा तंत्रज्ञ नरिमन प्रिंटर पुढे पोलिसांच्या हाती लागला आणि त्यानेच त्यांना केंद्रापर्यंत नेले. खटल्यात उषाबेनना ४ वर्षांची शिक्षा झाली. ५ वर्षांची, म्हणजे त्याहून मोठी, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर यांना. हे नाव किती जणांनी ऐकले आहे? यावर कोणी म्हणेल, इतरांची नावे घेतल्याने उषाबेन लहान होतात. मला हे मुळीच पटत नाही. पकडले गेल्यावर तोंड न उघडण्याला मोल येते, ते मागे वाचवण्याजोगी माणसे असतात म्हणून.

गंमत पाहा, त्या प्रक्षेपणांचे शब्द आज वाचता येतात, कारण पोलीस ती ऐकून टिपून घेत होते. उषा ठक्कर यांनी २०२१च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ती दिली आहेत. चित्रपट पाहून झाला असेल, तर आता ती वाचा.